समुद्रापारची न आलेली वार्ता

पानिपतच्या रणांतून सदाशिवरावभाऊ परत आले नाहींत. ही गोष्ट १७६१ च्या जानेवारी महिन्यांतली. भाऊसाहेब पडले, असें पुण्यास अनेकांनीं सांगितलें. परंतु पार्वतीबाईंच्या मनास तें पटलें नाहीं, आणि १७८३ सालीं देह ठेवीपर्यंत त्यांनीं वैधव्य पत्करलें नाहीं. मधल्या काळांत भाऊंचें नांव सांगणारा एक तोतया उभा राहिला. चांगलीं शहाणीं माणसें त्याच्यामागें गेलीं, आणि १७७६ सालीं त्याचा निकाल लागेपर्यंत पेशव्यांच्या दौलतीस मोठा घोर पडला. ही कथा आपल्या घराघरांतून मुलांना सांगितली जाते. तींतला बोध मात्र बहुधा सांगावयाचा राहतो. मृत्यूची वार्ता आली म्हणजे घर रडतें, सुतक धरतें, आणि तेरावा-चौदावा दिवस उलटला म्हणजे पुन्हा कामास लागतें. वार्ताच आली नाहीं, तर त्या घरास रडण्याचीही सोय नसते. त्या रिकाम्या जागेंत आशा राहते, आणि आशेच्या पाठोपाठ तोतयेही येतात.

पानिपताचा विषय आज आम्हीं काढला तो केवळ प्रस्तावनेसाठीं. दुसऱ्या महायुद्धांत समुद्रावर गेलेले आणि जपान्यांच्या हातीं सांपडून पुढें दिसेनासे झालेले जे आपले नाविक, त्यांच्या शोधासंबंधीं चार गोष्टी वाचकांपुढें ठेवाव्या, असा आमचा हेतु आहे.

सातारा आणि सांगली हा मुलूख घाटमाथ्याचा. कृष्णा-कोयनेच्या लोकांचा समुद्राशीं संबंध काय, असें कोणी विचारील. परंतु कऱ्हाडाहून पाटणास जावें आणि कुंभार्लीचा घाट उतरावा, कीं चिपळूण लागलें. त्या रत्नागिरी जिल्ह्यानें मुंबईच्या बोटींना आणि सरकारी आरमाराला पिढ्यान् पिढ्या खलाशी पुरविले. सातारच्या बाजूनें सैन्यांत जाण्याची परंपरा तर अपशिंग्यासारख्या गांवानें जगजाहीर केलेलीच आहे. १९३९ सालीं युद्ध सुरू झालें, तेव्हां हिंदी आरमारांत दोन हजारही माणसें नव्हतीं. युद्ध संपेपर्यंत तीं वीस हजारांच्या वर गेलीं. बिनतारी यंत्र, निशाणांचे संकेत, हिशेबाची कचेरी या कामांसाठीं इंग्रजी शिकलेल्या तरुणांची गरज पडली, आणि ज्यांनीं समुद्र कधीं पाहिला नव्हता अशा घरांतील मुलेंही त्यांत शिरलीं. म्हणून हा प्रश्न केवळ कोंकणचा नव्हे.

आतां हे नाविक शत्रूच्या हातीं कसे पडले, तें पाहूं. १५ फेब्रुवारी १९४२ रोजीं सिंगापूर पडलें. त्याच वर्षीं २३ मार्चला जपान्यांनीं अंदमान बेटें घेतलीं. बंगालचा उपसागर आणि त्याच्या दक्षिणेचा महासागर हा जपानी क्रूझर व पाणबुड्या यांचें शिकारीचें रान झाला. प्रत्येक वेळीं शिकार साधलीच, असें मात्र नाहीं. ११ नोव्हेंबर १९४२ रोजीं हिंदी आरमाराची ‘बेंगाल’ ही चिमुकली युद्धनौका आणि ‘ऑन्डिना’ हें डच तेलवाहू जहाज यांची दोन मोठ्या सशस्त्र जपानी जहाजांशीं गांठ पडली. त्यांपैकीं ‘होकोकु मारू’ हें जहाज तेथेंच बुडालें, आणि ‘बेंगाल’ सुखरूप बंदरास लागली. तिजवरील माणसांच्या घरीं वार्ता गेली, आणि ती सुवार्ता होती.

‘बेहार’ या व्यापारी आगबोटीची गोष्ट याच्या अगदीं उलट आहे. ही बोट ऑस्ट्रेलियाहून मुंबईकडे येत असतां ९ मार्च १९४४ रोजीं ‘टोने’ या जपानी क्रूझरनें ती बुडविली. तिजवरील शंभरांहून अधिक माणसें जिवंत वर काढण्यांत आलीं. त्यांत गोरे अधिकारी होते, तसे हिंदी आणि गोमंतकीय खलाशीही होते. पुढें बाटेव्हिया बंदरीं त्यांतील कांहींना उतरविलें. राहिलेल्या साठांहून अधिक कैद्यांस १८ मार्चच्या रात्रीं समुद्रावरच, जहाजाच्या पाठीवर, ठार मारण्यांत आलें. मुंबईच्या गोदीवर त्या बोटीची वाट पाहणाऱ्यांस या रात्रीची कल्पनाही नव्हती. युद्ध संपलें, बाटेव्हियास उतरविलेले कैदी सुटले, आणि त्यांनीं विचारावयास आरंभ केला कीं आमचे सोबती कोठें आहेत? त्या एका प्रश्नांतून पुढचा तपास झाला. १९४७ सालीं हाँगकाँग येथें खटला चालला. हुकूम देणारा सेनानी रिअर अॅडमिरल साकोंजू यास देहान्ताची शिक्षा होऊन १९४८ च्या जानेवारींत ती अमलांत आली, आणि क्रूझरच्या कप्तानास सात वर्षांचा तुरुंगवास मिळाला. त्या साठ-सत्तर घरांना खरी हकीकत मिळाली, ती न्यायालयाच्या कागदांतून.

‘बेहार’नंतर थोड्याच दिवसांनीं, २६ मार्च १९४४ रोजीं, ‘त्जिसालाक’ हें डच जहाज एका जपानी पाणबुडीनें बुडविलें आणि पाण्यांतून काढलेल्या माणसांची तशीच कत्तल केली. शंभरांवर माणसांपैकीं पांच वांचलीं. त्या पांचांत एक हिंदी खलाशी होता. तो जगला नसता, तर त्या जहाजावरच्या आपल्या माणसांविषयीं आपल्या भाषेंत सांगणारा एकही साक्षीदार उरला नसता.

वार्ता येण्यास इतका विलंब कां लागे, याचीं कारणें ध्यानांत घेण्यासारखीं आहेत. युद्धकैद्यांसंबंधींच्या १९२९ च्या जिनीव्हा करारावर जपाननें सही केली होती, परंतु त्यास कायम मंजुरी दिली नव्हती. आम्ही तो करार योग्य त्या फेरफारांनीं पाळूं, एवढें आश्वासन त्यानें १९४२ सालीं दिलें. टोकियोस कैद्यांची माहिती ठेवणारी कचेरी होती, आणि तिच्याकडून रेडक्रॉसमार्फत जिनीव्हास याद्या जावयाच्या; पण त्या अपुऱ्या आणि फार उशिरा जात. कैद्याला घरीं जें कार्ड लिहूं देत, त्यावर मोजके शब्द. तेवढ्यांत प्रकृति चांगली आहे, यापलीकडे काय लिहिणार? व्यापारी बोटीवरच्या खलाशाची स्थिति तर याहून बिकट होती. बिनतारी संदेश पाठविण्यापूर्वींच बोट बुडाली, तर ‘ठरल्या वेळीं पोंचली नाहीं’ एवढीच नोंद होई, आणि घरीं जाणाऱ्या तारेंत एकच शब्द असे: बेपत्ता.

या एका शब्दानें घराचें काय होतें, हें आमच्या वाचकांस विस्तारानें सांगणें नको. अशा घरांतल्या सुनेनें वटसावित्रीस वडाला सूत गुंडाळावें कीं न गुंडाळावें? सासूबाईंनीं श्राद्धपक्षांत मुलाचें नांव घ्यावें कीं त्याच्या आयुष्यासाठीं नवस बोलावा? १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यानें १०८ व्या कलमांत सात वर्षांची मर्यादा घातली. ज्याची वार्ता ज्यांना कळावयास हवी त्यांना सात वर्षें कळली नाहीं, तो जिवंत आहे असें म्हणणाऱ्यानेंच तें सिद्ध करावें. २०२३ च्या नव्या कायद्यानेंही हीच सात वर्षें कायम ठेविलीं. तथापि यावरून माणूस मेला असें गृहीत धरतां येतें; तो केव्हां आणि कोठें मेला, हें त्यावरून ठरत नाहीं.

आपल्या धर्मशास्त्रानें याहून दीर्घ मुदत दिली. देशांतरीं गेलेल्याची वार्ता न लागल्यास वयोमानाप्रमाणें कमीअधिक, परंतु सामान्यतः बारा वर्षें वाट पाहावी, आणि नंतर पळसाच्या ३६० देठांचा पुतळा करून त्यास अग्नि द्यावा. हाच पालाशविधि. शास्त्रकारांची माणुसकी पुढेंच दिसते. एवढें होऊनही तो मनुष्य परत आलाच, तर त्यास तुपाच्या कुंभांतून नवा जन्म देऊन जातकर्मापासून सारे संस्कार पुन्हा करावे, आणि त्यानें आपल्याच पत्नीशीं पुन्हा विवाह करावा. म्हणजे दार लावून घेतलें तरी कडी घातलेली नाहीं. परंतु शास्त्र काय किंवा कायदा काय, दोन्हीं शोध संपल्यावरचे उपाय आहेत. शोधाच्या ऐवजीं ते योजतां येत नाहींत.

मग शोध कोठें करावा? पहिलें स्थान राष्ट्रकुल युद्धसमाधि आयोगाचें. १९१७ सालीं स्थापन झालेल्या या संस्थेनें नांवांच्या याद्या आतां संगणकावर सर्वांस खुल्या केल्या आहेत, आणि त्यांत कित्येक ठिकाणीं बापाचें नांव व गांवही सांपडतें. ज्यांना समुद्राखेरीज समाधि नाहीं, अशा सुमारें साडेसहा हजार हिंदी नाविकांचीं नांवें एका स्मरणग्रंथांत लिहिलेलीं आहेत. त्यांत आरमाराचे सुमारें चारशें, बाकीचे व्यापारी बोटींवरचे. त्याची एक प्रत मुंबईस खलाशांच्या वसतिगृहांत आणि दुसरी चितगांवास आहे. सिंगापूरला क्रांजी येथील स्मारकावर चोवीस हजारांहून अधिक नांवें कोरलेलीं आहेत. ब्रह्मदेशांत तौक्यान येथें सुमारें सत्तावीस हजार. ब्रिटनच्या राष्ट्रीय दप्तरखान्यांत जपान्यांनीं स्वतः भरलेलीं कैद्यांचीं पन्नास हजारांवर कार्डें आहेत. त्यांत हिंदी नांवें थोडीं. पण ज्या कार्डावर तिरप्या तांबड्या रेघा मारलेल्या आहेत, तो कैदी छावणींतच वारला असें समजावें. जिनीव्हास रेडक्रॉसचें दप्तर आहे, आणि जवळच, आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणीं, सैनिक कल्याण कार्यालय आहे.

परंतु या सर्वांच्या आधीं माळ्यावरची ट्रंक उघडावी. नोकरीचा क्रमांक हा नांवापेक्षां मोलाचा. कारण इंग्रज कारकुनानें एकाच आडनांवाचीं चार स्पेलिंगें केलेलीं असतात, पण आंकडा सहसा चुकत नाहीं. बोटीचें नांव, शेवटच्या पत्रावरील शिक्का व तारीख, वेतनाची पावती, निवृत्तिवेतनाचा हुकूम, ‘बर्मा स्टार’सारखें पदक, यांतील एक धागा हातीं आला तरी पुष्कळ झालें. ज्या कोणा आजीबाईंस ‘काका कोणत्या बोटीवर होते’ एवढें आठवत असेल, त्यांना हें आज विचारावें. युद्ध संपून सात तपें होण्याची वेळ जवळ येत चालली. विचारण्याजोगीं माणसें दरवर्षीं कमी होत आहेत.

साक्षीदाराचें मोल किती, याचें एक उदाहरण देऊन आम्ही हा लेख आटोपता घेतों. सुमारें तीन हजार हिंदी युद्धकैद्यांस जपान्यांनीं १९४३ सालीं सिंगापूरहून न्यूगिनीस नेलें. हे भूदलाचे शिपाई, पण त्यांची दशाही तीच. युद्ध संपल्यावर तेथील अँगोरम या ठाण्यावर अकरा जण हाडांचे सांपळे होऊन आले. त्यांपैकीं दहा जण १९४५ च्या नोव्हेंबरांत, घरच्या वाटेवर असतांनाच, विमान पडून मरण पावले. अकरावे चिंतसिंग मागें राहिले होते, कारण गुन्ह्यांच्या तपासांत त्यांची साक्ष हवी होती. मेलेल्या सोबत्यांची नांवनिशी सांगण्यासाठीं ते थांबले, आणि त्यामुळेंच जगले.

आमच्या वाचकांच्या घरीं इंग्रजी दप्तर वाचणारें माणूस असतें. शेजारच्या गल्लींत, किंवा घाटाखालच्या एखाद्या खारव्याच्या, भंडाऱ्याच्या, कोंकणी मुसलमानाच्या घरीं तें नसेल; आणि समुद्रावर गेलेल्यांत अशाच घरांचे लोक अधिक होते. आपल्या ट्रंकेंत कांहीं न सांपडलें, तरी त्यांच्यासाठीं एक अर्ज लिहून देण्याचें काम आपल्याकडून होण्यासारखें आहे. नांव, तारीख आणि अक्षांश-रेखांश एवढें जरी हातीं आलें, तरी सातारकरांनीं माहुलीच्या संगमावर आणि सांगलीकरांनीं हरिपुरास त्या नांवानें तिलांजलि द्यावी. कृष्णेचें पाणी अखेर पूर्वसमुद्रासच जाऊन मिळतें, आणि ज्यांची वार्ता आली नाहीं त्यांतले कित्येक त्याच बाजूला राहिले आहेत.