दूध, कफ आणि दहीभात

बंगळूरमध्ये सकाळी दारात नंदिनी दुधाची पिशवी आणि जेवणाच्या शेवटी दहीभात हे ठरलेलेच. चिनी वैद्यक मात्र दुधाकडे जपून पाहते. त्याच्या मते अन्नाची शक्ती बनवण्याचे काम प्लीहेचे. ती दुबळी असेल तर स्निग्ध, गोड दुधाने शरीरात ओलावा साचतो आणि त्याचाच कफ होतो. तरीही सरसकट बंदी नाही. चिनी वैद्य ली शिझेनच्या १५९६ च्या औषधीग्रंथात गाईच्या दुधाचे पोषक गुणही नोंदले आहेत. असाच जपून वापराचा सल्ला आपल्याकडेही आहे: चरकसंहितेने रात्रीचे दही वर्ज्य सांगितले.

कफाचे काय? ऑस्ट्रेलियात १९९० मध्ये सर्दीचे विषाणू दिलेल्या स्वयंसेवकांत दूध पिण्याने शेंबूड वाढलेला आढळला नाही. दूध लाळेत मिसळून घशाला क्षणभर दाट लागते, त्यालाच आपण कफ समजत असू.

पोट गुबारणे मात्र खरे, आणि मला चिनी निरीक्षणाचे मूळ तिथेच दिसते. दुधातली लॅक्टोज साखर फोडणारे लॅक्टेज पूर्व आशियात बहुतेकांमध्ये बालपणानंतर घटते. ते टिकवणारा जनुकबदल भारतात वायव्येकडे अधिक, दक्षिणेकडे कमी. दही विरजताना जिवाणू काही लॅक्टोज संपवतात आणि उरलेले पचवायलाही मदत करतात. म्हणून पेलाभर दूध न सोसणाऱ्यालाही दहीभात सोसतो. तोही सोसत नसेल, तर कॅल्शियमसाठी कर्नाटकाची नाचणी आहेच: शंभर ग्रॅममध्ये तीनशे मिलिग्रॅमहून जास्त.