मुलांचा लॅपटॉप आणि कंपन्यांचा हात
२००७ साली रायगड जिल्ह्यातल्या खैराट धनगरवाड्याच्या शाळेत ‘एक मूल, एक लॅपटॉप’ योजनेचे हिरवे-पांढरे लॅपटॉप आले. त्यातली ‘शुगर’ प्रणाली खुली होती. कोणीही ती बदलावी, आपल्या भाषेत आणावी. जुलैत इंटेल योजनेत सामील झाली, पण तिचा स्वतःचा ‘क्लासमेट’ लॅपटॉप स्पर्धेत होताच. जानेवारी २००८मध्ये ती बाहेर पडली. मे महिन्यात याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टचे विंडोज देण्याचे ठरले. तरी शुगर टिकली. कोड खुला असल्याने ‘शुगर लॅब्ज’ ही वेगळी संस्था ती पुढे नेऊ शकली.

बीदर-कलबुर्गीतल्या आपल्या शाळांना कोणी संगणक दिले, तर आभार जरूर मानावेत. पण विचारावेही: यात मराठी आणि कन्नड दोन्ही चालतील का? देणारा निघून गेल्यावर तो आपल्याला चालवता येईल का?