संकेतस्थळावरील मजकूर आणि आपला माल

अलीकडे शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या व लहान व्यापारी आपल्या मालाकरिता संकेतस्थळे काढू लागले आहेत, ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु तेथील चित्रांवर जितका पैसा खर्चिला जातो, त्याच्या दशांशही विचार मजकुरावर होत नाही. ‘उत्तम प्रत, वाजवी दर’ अशी दोन वाक्ये कोठून तरी उचलून चिकटविली की काम संपले, असा समज दिसतो.

आपल्या भूम तालुक्यातील खव्याचेच उदाहरण घेऊ. कुंथलगिरीच्या खव्यास २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले खरे. पण पुण्याच्या अगर हैदराबादच्या हलवायास नुसत्या नावावरून काय कळणार? त्यास पेढ्यासाठी घट्ट पिंडी खवा हवा असेल, गुलाबजामासाठी मऊ धाप, अथवा कलाकंदासाठी दाणेदार. दूध म्हशीचे की गाईचे, खवा भट्टीवरून कोणत्या दिवशी उतरला, तो थंड पेटीतून येणार की साध्या मोटारीतून, हे त्यास आधी समजले पाहिजे. कारण ओलाव्यामुळे खवा उघड्यावर फार दिवस टिकत नाही. म्हशीच्या सुमारे पाच लिटर दुधाचा एक किलो खवा होतो, एवढे लिहिले तरी अतिस्वस्त खव्याविषयी ग्राहकास आपोआप संशय येईल. निव्वळ वजन, किंमत व अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक या गोष्टी तर कायद्यानेच आवश्यक आहेत.

बाजारात गिऱ्हाईक खव्याची चिमूट बोटांत चोळून पाहते, वास घेते. संकेतस्थळावर ही सोय नाही. तेथे ते काम शब्दांनीच करावयाचे असते.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होते अशी पुष्कळांची समजूत होती. पहिले थोडे नांगर खपण्यासच सुमारे दोन वर्षे गेली. नांगरात खोट नव्हती, शंका शेतकऱ्याच्या मनात होती. पुढे १९२० पासून त्या कारखान्याचे ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक शंकरराव किर्लोस्करांच्या संपादकत्वाखाली निघू लागले. माल करणाऱ्यांनी लेखणीस इतके महत्त्व द्यावे, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती.

मजकूर लिहावा कोणी? भट्टीवर बसणाऱ्याने सांगावे आणि लेखनाची सवय असलेल्याने ते शुद्ध मराठीत उतरून घ्यावे. हैदराबादकडील ग्राहकांसाठी हिंदीतही द्यावे. हल्ली संगणक क्षणात पानभर लिहून देतो, पण तुमच्या गोठ्याची त्यास काय माहिती? दर बदलला की मजकूरही त्याच दिवशी बदलावा. उस्मानाबादी शेळ्या विकणाऱ्यांनीही ‘जातिवंत’ एवढ्यावर न थांबता वय, वजन, वेत, मागील वेतातील करडांची संख्या व लस टोचल्याची तारीख प्रत्येक शेळीच्या चित्राखाली द्यावी.