सेमाडोह परिसरातील जुन्या जिप्सी वाहनांची मालकनोंदवही : संकल्पना, पद्धती व मर्यादा

प्रस्तावना :

मेळघाटातील सेमाडोह हे गाव परतवाडा-धारणी मार्गावर, सिपना नदीच्या सान्निध्यात वसलेले आहे. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आले, त्यांत मेळघाटचा समावेश होता. तेव्हापासून अभ्यासक, वनकर्मचारी आणि पर्यटक यांचा येथे सातत्याने राबता राहिला आहे. जंगलात फिरताना पाहुण्याची नजर सागाच्या रानात गवा, अस्वल वा वाघ शोधत असते. ज्या उघड्या गाडीत तो बसलेला असतो, तिच्याकडे मात्र त्याचे क्वचितच लक्ष जाते. ही गाडी म्हणजे बहुधा जिप्सी. तिचे उत्पादन थांबले आहे, जुन्या गाड्या वर्षागणिक कमी होत आहेत आणि त्यांपैकी नेमक्या किती, कोठे व कोणत्या स्थितीत शिल्लक आहेत, हे सांगणारी एकत्रित नोंद तयार करण्याची वेळ आता आली आहे. अशी नोंदवही कशी तयार करावी, कोणत्या चुका टाळाव्यात आणि ती कोणाच्या उपयोगाची, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मालकनोंदवही म्हणजे काय ?

विशिष्ट प्रकारच्या, उत्पादन बंद झालेल्या वाहनांपैकी आज अस्तित्वात असलेल्या प्रत्येक वाहनाची स्वतंत्र नोंद ठेवणे, त्याच्या मालकीची परंपरा लिहिणे आणि त्यात घडलेले बदल टिपणे, यास मालकनोंदवही असे म्हणता येईल. अभिजात जपानी क्रीडामोटारींच्या बाबतीत ही परंपरा जगभर रुजली आहे. टोयोटा २००० जीटी या मोटारीची एकूण संख्या ३५१ इतकीच मानली जाते. १९६७ ते १९७२ या काळातील माझदा कॉस्मो स्पोर्टच्या १,१७६ गाड्या तयार झाल्या. निसान स्कायलाइन जीटी-आरच्या १९७३ मधील पिढीच्या तर केवळ १९७ गाड्या बनल्या. एकूण संख्या इतकी अल्प व ज्ञात असल्यास काम तुलनेने सोपे होते. कारखान्यातून निघालेल्या क्रमांकांची यादी समोर ठेवून एकेका क्रमांकापुढे तिचे आजचे ठिकाण लिहीत जावयाचे असते.

भारतात आयातीवरील कठोर निर्बंधांमुळे अशा क्रीडामोटारी सहसा पोहोचल्याच नाहीत. जपानी अभियांत्रिकी आपल्याकडे सर्वसामान्यांच्या दारी आली ती प्रामुख्याने सुझुकीच्या सहकार्याने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हाती देण्यात आली आणि डिसेंबर १९८५ मध्ये जिप्सी बाजारात आली. जिप्सीचे कूळ सुझुकी जिम्नीचे. पहिली जिम्नी १९७० सालची, ३५९ घनसेंमी क्षमतेच्या इंजिनाची. १९८१ मध्ये आलेल्या दुसऱ्या पिढीचे लांब रूप म्हणजे आपली जिप्सी. पोलादी पट्ट्यांचा स्वतंत्र सांगाडा, पाट्यांच्या स्प्रिंगा आणि गरजेनुसार चारही चाकांना शक्ती देण्याची सोय या गुणांमुळे ती सैन्यात, वनखात्यात आणि रेड द हिमालयसारख्या मोटारशर्यतींतही मानाने वावरली. म्हणूनच क्रीडामोटारींच्या नोंदवहीची पद्धत आपल्याकडे राबवावयाची झाल्यास त्यासाठी जिप्सीइतके समर्पक वाहन दुसरे नाही.

नोंदवहीची निकड :

या निकडीची मुळे दोन नियमांमध्ये आहेत. केंद्र शासनाच्या जानेवारी २०२३ च्या अधिसूचनेनुसार, १५ वर्षांहून जुन्या शासकीय वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण १ एप्रिल २०२३ पासून बंद झाले. देशाचे संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीच्या विशिष्ट वाहनांचा अपवाद वगळता हा नियम सर्व शासकीय खात्यांना लागू आहे. परिणामी, शासकीय सेवेत जंगलवाटा तुडवलेल्या जुन्या गाड्या भंगाराच्या वाटेला लागणे क्रमप्राप्त आहे.

याउलट जुलै २०२१ च्या अधिसूचनेने पुरातन वाहनांना स्वतंत्र दर्जा दिला. त्यासाठी पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात. तसेच सांगाडा, शरीर अथवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. अशा वाहनाचा व्यापारी वापरही करता येत नाही. सर्वांत पहिल्या जिप्सीला पन्नास वर्षे पूर्ण होतील ती २०३५ च्या अखेरीस. म्हणजेच पंधरा आणि पन्नास या दोन वयांच्या मधल्या पस्तीस वर्षांच्या काळात गाडी कायद्याच्या दृष्टीने केवळ ‘जुनी’ असते. तिच्या मूळ स्वरूपाचा पुरावा याच काळात नाहीसा होतो आणि पुढे मागितला जातो तो हाच पुरावा. ही पोकळी भरून काढणे, हे नोंदवहीचे मुख्य प्रयोजन होय.

नोंदणी म्हणजे अस्तित्व नव्हे :

येथे एक आक्षेप स्वाभाविक आहे. प्रत्येक वाहनाची परिवहन कार्यालयात नोंद असतेच, मग वेगळ्या नोंदवहीचे प्रयोजन काय ? या आक्षेपाचे उत्तर शासकीय नोंदीच्या स्वरूपातच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ अन्वये वाहन नष्ट झाल्यास ते कळविण्याचे दायित्व मालकावर आहे. त्याने तसे कळविले नाही, तर दहा वर्षांपूर्वी तुकडे होऊन विकली गेलेली गाडीही कागदोपत्री शिल्लक राहू शकते. याच्या उलट प्रकारही संभवतो. शेतातील गोठ्यात उभी असलेली, पण नोंदणीची मुदत संपलेली गाडी कागदावर मृतवत ठरते. प्रत्यक्षात मात्र महिनाभराच्या दुरुस्तीनंतर ती घाट चढू शकते. शासकीय नोंद हक्क आणि कर यांसाठी असते. वाहन आज जिवंत आहे की नाही, हे ठरविण्यासाठी कोणीतरी जाऊन ते पाहावेच लागते.

ओळख कशावरून ठरवावी ?

नोंदवहीतील सर्वांत मोठी चूक ओळखीच्या बाबतीत घडते. सामान्यतः गाडी तिच्या पाटीवरील क्रमांकाने ओळखली जाते. अमरावतीची एमएच-२७, अकोल्याची एमएच-३०, बुलढाण्याची एमएच-२८ ही अक्षरे आपल्या परिचयाची आहेत. तथापि ही पद्धत १९८९ पासूनची. त्यापूर्वीच्या गाड्यांवर तीन अक्षरांच्या जुन्या मालिकेचे क्रमांक होते. शिवाय कलम ४७ नुसार गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवल्यास नवा क्रमांक घ्यावा लागतो. सैन्याच्या गाड्यांवर बाणाचे चिन्ह असलेले स्वतंत्र क्रमांक असतात. लिलावानंतर त्यांना नागरी क्रमांक मिळतो, त्यामुळे नोंदणीचे वर्ष आणि निर्मितीचे वर्ष यांत मोठे अंतर पडते. अशा प्रकारे एकच गाडी तीन क्रमांकांनी वावरलेली असू शकते. पाटीवरून मोजणी केल्यास तिच्या तीन गाड्या होतील.

मेळघाटच्या वाचकास हा प्रश्न नवा वाटू नये. पूर्वी वाघांची गणना पंजांच्या ठशांवरून होत असे. ठसा माती, ओल आणि चाल यांनुसार बदलतो. त्यामुळे एकच वाघ दोनदा मोजला जाण्याचा संभव असे. २००६ च्या राष्ट्रीय गणनेपासून स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांच्या रचनेस महत्त्व आले, कारण प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात व ते बदलत नाहीत. जिप्सीच्या बाबतीत पाटीवरील क्रमांक हा ठसा, तर सांगाड्यावर ठोकलेला चेसिस नंबर हा पट्टा होय. म्हणून नोंदवहीतील प्रत्येक पान चेसिस नंबरानेच उघडले पाहिजे. इंजिन बदलता येते आणि परवानगीने त्याची नोंदही करता येते. त्यामुळे इंजिन क्रमांक हा दुय्यम पुरावा समजावा.

प्रत्यक्ष नोंद घेताना :

चेसिस नंबर डोळ्यांनी वाचून लिहिण्यापेक्षा त्याचा छाप घेणे श्रेयस्कर होय. गंज हलकेच पुसून, अंकांवर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासले असता अंक उमटतात. परिवहन कार्यालयाच्या कामासाठी ही युक्ती बहुतेक गॅरेजवाल्यांच्या हातवळणी असते. नंतरच्या गाड्यांवर सतरा वर्णांचा क्रमांक असून भारतात बनलेल्या मारुतीच्या बाबतीत तो ‘एमए३’ या वर्णांनी सुरू होतो. या सतरा वर्णांत आय, ओ आणि क्यू ही अक्षरे कधीही वापरली जात नाहीत. ती लिहिलेली आढळल्यास वाचण्यात चूक झाली, असे खुशाल समजावे. जुन्या गाड्यांवरील क्रमांक लहान असल्याने त्यांना ही कसोटी लावू नये.

त्यानंतर गाडीची पिढी निश्चित करावी. आरंभीच्या जिप्सीत ९७० घनसेंमीचे इंजिन व चार गिअर होते. १९९६ च्या सुमारास १.३ लिटरचे इंजिन व पाच गिअर असलेली जिप्सी किंग आली. जुन्या सांगाड्यावर नवे इंजिन, टणक छत कापून केलेली उघडी बैठक, पर्यटकांसाठी वाढविलेली आसने, असे बदल आढळल्यास ते निःसंकोच लिहावेत. बदल झाला म्हणून गाडी अपात्र ठरवू नये. जंगलातील गाडीने पोट भरण्यासाठी जे रूप घेतले, तोही तिच्या इतिहासाचा भाग आहे. मात्र ‘मूळ’ आणि ‘बदललेले’ हे रकाने स्वतंत्र ठेवावेत.

स्थितीचे तीन वर्ग पुरेसे आहेत : चालू, बंद परंतु संपूर्ण आणि केवळ सांगाडा. पुराव्याचेही तीन वर्ग करावेत. स्वतः पाहून छाप घेतलेली नोंद पहिल्या वर्गाची, कागदपत्र वा छायाचित्रावरून केलेली दुसऱ्या वर्गाची, तर ऐकीव माहिती तिसऱ्या वर्गाची. या वर्गांची बेरीज कदापि एकत्र मांडू नये. गाडी मोडीत निघाल्यास तिचे पान फाडू नये. तारीख लिहून ते मिटवावे, परंतु जपावे. किती गाड्या गेल्या हे माहीत नसेल, तर किती उरल्या या आकड्याला अर्थ राहत नाही.

न दिसलेल्या गाड्यांचा अंदाज :

जिप्सीचे उत्पादन दीर्घकाळ व मोठ्या प्रमाणावर झाले असल्याने टोयोटा २००० जीटीप्रमाणे संपूर्ण यादीची अपेक्षा ठेवता येत नाही. येथे प्राणिगणनेतील आणखी एक रीत उपयोगी पडते. समजा, एका ऋतूत सेमाडोह, कोलकास, शहानूर व परतवाडा या पट्ट्यात ४० गाड्यांची नोंद झाली. पुढील ऋतूत स्वतंत्रपणे केलेल्या फेरीत ३० गाड्या आढळल्या आणि त्यांपैकी १२ आधीच नोंदलेल्या होत्या. तर ४० गुणिले ३० भागिले १२, म्हणजे एकूण सुमारे १०० गाड्या असाव्यात. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. या रीतीस दोन मर्यादा आहेत. दोन फेऱ्यांच्या दरम्यान गाड्यांची ये-जा अल्प असावी आणि प्रत्येक गाडी दिसण्याचा संभव सारखा असावा. पर्यटनाची गाडी रोज प्रवेशद्वारावर दिसते, गोठ्यातील गाडी दिसत नाही. म्हणून दोहोंचा अंदाज वेगवेगळा काढणे इष्ट ठरेल.

मालकाचा विश्वास :

नोंदवहीचे नाव मालकनोंदवही असले, तरी मालकाला तिची भीती वाटू शकते. विमा संपलेला आहे, योग्यता प्रमाणपत्राची मुदत टळली आहे, गाडी अजून पूर्वीच्या मालकाच्याच नावावर आहे, अशा स्थितीत वही घेऊन आलेल्या माणसाकडे तो संशयानेच पाहील. अनेक घरांची उपजीविका याच गाडीवर चालते. त्यामुळे त्याची भीती अनाठायी म्हणता येणार नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून संमती व मर्यादित हेतू ही त्याची मूलतत्त्वे आहेत. तथापि कायदा नसता, तरी संशोधकाने हेच करावयास हवे होते. यास्तव वह्या दोन असाव्यात. पहिलीत गाडीची माहिती, तर दुसरीत मालकाचे नाव व ठिकाण. अभ्यासकांसाठी केवळ पहिली खुली असावी आणि तीतही चेसिस नंबराचे शेवटचे अंक झाकलेले असावेत, कारण पूर्ण क्रमांक चोरीच्या गाडीवर ठोकला जाण्याचा धोका असतो. हेतू समजावून सांगताना आवश्यक तेथे कोरकू भाषेचा आधार घ्यावा. नोंद काढून टाकण्याचा मालकाचा हक्क पहिल्याच भेटीत सांगावा आणि त्याच्या पानाची एक प्रत त्यालाच द्यावी. उद्या पुरातन वाहनाचा दर्जा मागताना ही प्रत त्याच्या उपयोगी पडेल.

निष्कर्ष :

१. शासकीय नोंदणी ही अस्तित्वाचा पुरावा नव्हे. प्रत्यक्ष पाहणी हाच नोंदवहीचा पाया होय.

२. ओळख चेसिस नंबरावरून ठरवावी. पाटीवरील क्रमांक इतिहासाच्या रकान्यात लिहावा.

३. बदल, बंद पडणे व मोडीत निघणे यांची नोंद चालू गाडीच्या नोंदीइतक्याच काळजीने व्हावी.

४. मालकाचे हित दुय्यम मानणारी नोंदवही फार काळ टिकणार नाही.

या कामास मोठा निधी लागत नाही. परतवाडा, अमरावती वा अकोला येथील महाविद्यालयांतील इतिहास, वाणिज्य आणि भूगोल विभागांचे विद्यार्थी दोन ऋतूंत आरंभीच्या पाहणीचे काम करू शकतील. पहिल्या जिप्सीचे पन्नासावे वर्ष अद्याप दूर आहे. परंतु तिच्या पहिल्या चालकांच्या आणि कारागिरांच्या आठवणी तोवर थांबणार नाहीत. म्हणून वहीचे पहिले पान आजच उघडले जावे.