रिकामी भिंत आणि नोंदवही

चित्र चोरीला गेले की पहिला प्रश्न येतो, ‘कोणी नेले?’ मला त्याच्या अलीकडचे दोन प्रश्न अधिक महत्त्वाचे वाटतात. ते गेले हे कळले केव्हा? आणि उद्या कोणी आणून दिले, तर ते तेच आहे हे कशावरून ठरवायचे? १९११ साली पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून ‘मोनालिसा’ गेली, ती हकिकत या दोन प्रश्नांच्या अंगाने वाचली, तर ती थेट औंध-सांगलीपर्यंत येऊन पोचते.

२१ ऑगस्ट १९११, सोमवार. सोमवारी लूव्र लोकांसाठी बंद असे. आत फक्त कामगारांची ये-जा. व्हिन्चेन्झो पेरुजा हा इटालियन कारागीर पूर्वी तिथेच चित्रांना काचा बसवण्याच्या कामावर होता. कामगारांचा पांढरा अंगरखा घालून तो आत आला, खिळ्यांवरून चित्र उतरवले, मागच्या जिन्यात चौकट आणि काच काढून टाकली आणि चित्र घेऊन निघून गेला. ‘मोनालिसा’ कापडावर नाही, पॉप्लर लाकडाच्या फळीवर रंगवलेली आहे. त्यामुळे गुंडाळी करण्याचा प्रश्नच नव्हता. पण ती फळी जेमतेम ७७ सेंटिमीटर उंच आणि ५३ रुंद, म्हणजे आपल्या घरातल्या देवांच्या तसबिरीपेक्षा फार मोठी नाही.

मंगळवारी लुई बेरू नावाचा चित्रकार तिथे रेखाटन करायला आला. भिंतीवर नुसते खिळे पाहून त्याने पहारेकऱ्याला विचारले. छायाचित्र काढायला नेले असेल, असे उत्तर मिळाले. चित्रे अशी नेली जात. पण कोणते चित्र केव्हा नेले आणि परत केव्हा येणार, हे त्या पहारेकऱ्याला सांगता येईल अशी नोंद त्याच्याजवळ नव्हती. जगातल्या एका श्रेष्ठ संग्रहालयाला आपले चित्र गेल्याचा पत्ता लागायला एक दिवस उलटावा लागला, तो एवढ्यासाठी.

पुढे आठवडाभर लूव्र बंद राहिले. उघडल्यावर लोक रिकामी भिंत बघायला रांगा लावून आले. कवी अपोलिनेर याला अटक झाली, पिकासोची चौकशी झाली. दोघांचाही या चोरीशी संबंध नव्हता. वृत्तपत्रांनी चित्राच्या प्रतिमा इतक्या छापल्या, की ज्यांनी पॅरिस पाहिले नव्हते त्यांनाही ती बाई ओळखीची झाली. आपल्याकडे रविवर्म्यांच्या लक्ष्मी-सरस्वतींना अशी घरोघरची ओळख १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या त्यांच्या छापखान्याने दिली. मोनालिसाच्या बाबतीत त्या ओळखीला चोरीने मोठा हातभार लावला.

पेरुजाने चित्र दोन वर्षे पॅरिसमधल्या आपल्या खोलीत, दुहेरी तळाच्या पेटीत ठेवले. इतके प्रसिद्ध चित्र विकायचे कोणाला? सोन्याची गोष्ट वेगळी. रायगड जिल्ह्यातल्या दिवेआगरचा सुवर्णगणेश २०१२ साली चोरीला गेला, दोन पहारेकऱ्यांचा जीव गेला आणि चोरांनी मूर्ती वितळवली. पुढे सोने हाती लागले, मूळ मूर्ती लागली नाही. चित्र वितळवून त्याचे काही मिळत नाही. त्याची किंमत ते जसेच्या तसे राहण्यातच असते. म्हणून चोरलेले चित्र बहुधा लपून राहते आणि कधीतरी बाहेर येण्याची आशा उरते.

तसेच झाले. डिसेंबर १९१३ मध्ये पेरुजा चित्र घेऊन फ्लॉरेन्सला गेला आणि जेरी नावाच्या व्यापाऱ्याला भेटला. जेरीने उफित्सी संग्रहालयाचे संचालक पोज्जी यांना सोबत घेतले. त्यांनी चित्र उलटे करून मागचा लूव्रचा क्रमांक पाहिला. रंगाला गेलेल्या बारीक भेगा छायाचित्रांशी ताडून पाहिल्या. चेहरा हुबेहूब काढणारा नकलाकार मिळू शकतो. चारशे वर्षांच्या भेगा जशाच्या तशा उतरवणारा मिळणे कठीण. ओळख पटली, पेरुजाला अटक झाली आणि जानेवारी १९१४ मध्ये चित्र लूव्रला परतले. नोंद चोरी थांबवू शकली नव्हती, पण परत आलेल्या चित्राची साक्ष तिनेच दिली.

आता आपल्याकडे येऊ. सातारा जिल्ह्यात औंधला बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली श्री भवानी चित्रसंग्रहालय उभे केले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. एका लहान संस्थानाच्या राजाने जमवलेल्या या संग्रहात रविवर्म्यांची मूळ तैलचित्रे आहेत, हेन्री मूरचे ‘माता आणि बालक’ हे शिल्प आहे. सांगलीतही संस्थानकाळापासूनचे संग्रहालय आहे. या दोन गावांच्या वाटेवर कितीतरी वाडे आहेत आणि त्यांच्या भिंतींवर पूर्वजांची तैलचित्रे.

कायदा आहे. पुरावस्तू आणि कलानिधी अधिनियम १९७२ चा. त्याखाली रविवर्म्यांची चित्रे कलानिधी ठरली आहेत आणि ती देशाबाहेर नेता येत नाहीत. पण एखादे चित्र बंदरावर अडवायचे, तर ते कोणते, कुठले, हे आधी कुठेतरी लिहिलेले हवे. इंटरपोलच्या चोरीच्या कलावस्तूंच्या यादीत घालायलाही छायाचित्र आणि वर्णनच लागते.

आणि सांगलीला चोरापेक्षा जवळचा धोका नदीचा. २००५, २०१९, २०२१ : कृष्णा तीनदा शहरात शिरली. पाण्यात गेलेल्या चित्राची नोंद नसेल, तर ते होते हे सांगणाराही काही वर्षांनी उरत नाही.

नोंद ठेवायला पैसा फारसा लागत नाही. जगभर मान्य झालेली पद्धत साधी आहे : चित्राचे पुढून आणि मागून छायाचित्र, लांबी-रुंदी, कशावर आणि कोणत्या रंगात काढले, सही किंवा मजकूर, विषय, चित्रकार, काळ. आणि सर्वांत उपयोगी म्हणजे खोड : कोपऱ्यातला पोपडा, ठिगळ, वाळवीने खाल्लेली कड. नव्या मालकाला जे लपवावेसे वाटते, तेच आपल्या चित्राची ओळख असते.

दिवाळीच्या साफसफाईत वाड्यांतल्या तसबिरी खाली उतरतातच. त्या परत टांगण्याआधी एकदा उलट्या करून पाहाव्यात, मागे काय लिहिले आहे ते वहीत उतरवून घ्यावे आणि वहीची एक प्रत दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे ठेवावी.