शालू धुवायला देण्यापूर्वी

लग्नातला शालू वर्षातून एकदोनदाच नेसला जातो. तरी तो लेकीसुनांपर्यंत पोहोचावा, अशी आपली इच्छा असते. म्हणून तो ‘ड्रायक्लीनिंग’ला देऊन आपण निश्चिंत होतो. परंतु या धुलाईच्याही मर्यादा आहेत, आणि त्या जाणून घेणे हिताचे आहे.

नाव कोरड्या धुलाईचे असले, तरी वस्त्र येथे भिजतेच. मात्र पाण्यात नव्हे, रासायनिक द्रवात. पाण्याने रेशमाचे व लोकरीचे तंतू फुगतात, वस्त्र आटते, कच्चा रंग पसरतो. या द्रवाने तसे सहसा होत नाही, आणि तेलातुपाचे डाग विरघळून जातात.

साखर मात्र विरघळते ती पाण्यातच. सांडलेले सरबत वाळले की दिसेनासे होते. पुढे इस्त्रीच्या उष्णतेने तेथेच पिवळा डाग उमटतो. यास्तव काय सांडले, कोठे व केव्हा, हे लाँड्रीवाल्यास आवर्जून सांगावे.

वस्त्र घरी आल्यावर प्लॅस्टिकचे आवरण काढून ते सावलीत, वाऱ्यावर ठेवावे. या धुलाईत अनेक ठिकाणी वापरल्या जाणाऱ्या परक्लोरोएथिलीन या द्रवाला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली ‘बहुधा कर्करोगजनक’ ठरविले आहे. तेव्हा त्याचा वास कपाटात कोंडू देऊ नये.

नंतर शालू स्वच्छ, मऊ सुती कापडात गुंडाळून ठेवावा आणि अधूनमधून त्याच्या घड्या बदलाव्यात. एकाच घडीवर वर्षानुवर्षे दुमडलेली जर अखेर तेथेच तुटते, आणि तुटलेली जर कोणतीही धुलाई सांधू शकत नाही.