साडेबारा किलोहर्ट्झचा सातबारा

मुंबईहून निघालेली हिंदुस्तान पेट्रोलियमची पाइपलाइन घाट चढून पुण्याजवळच्या लोणी काळभोरला येते आणि इथून पुढे सोलापूरजवळच्या पाकणीकडे जाते. इंधनाच्या अशा आगारात साधा मोबाइल आत नेता येत नाही. तिथे चालतो तो ठिणगी न उडण्याची हमी असलेला, खास प्रमाणित केलेला वॉकी-टॉकी. पंपाजवळचा माणूस बटण दाबून 'बंद कर' म्हणतो आणि टाक्यांच्या पलीकडे उभ्या असलेल्याला ते त्याच क्षणी ऐकू येतं. नंबर लावायचा नाही, रिंगची वाट पाहायची नाही, मधे कुठल्याही मोबाइल कंपनीचा टॉवर नाही.

यामागचा हिशेब पाहिला की थक्क व्हायला होतं. हातातला असा संच साधारण 5 वॅटने बोलतो. ती शक्ती चहूकडे पसरत, विरत जाते. पण पलीकडच्या संचाचा कान इतका तिखट असतो की एका व्होल्टच्या दशलक्षांशाचा चौथा हिस्सा मिळाला तरी त्याला शब्द कळतात. निघालेल्या शक्तीचे 40 कोटी गुणिले 1 कोटी इतके भाग करा. त्यातला एक भाग पोहोचला तरी पुरे!

कान एवढा तिखट असला की परक्याचं बोलणंही त्याला ऐकू येणारच. त्यात एफएम लहरींचा एक अजब स्वभाव आहे. एकाच लहरीवर दोघे बोलले तर दोन्ही आवाज मिसळून येत नाहीत. जोरकस लहर दुबळीला बहुतेक गिळूनच टाकते. शेजारच्या बांधकामावरचा क्रेनवाला त्याच लहरीवर बोलत असेल, तर इथला 'थांब' हरवला हे कुणाच्या लक्षातही येणार नाही. संचातल्या 'प्रायव्हसी कोड'ने आपण सुरक्षित झालो असं अनेकांना वाटतं. तो कोड फक्त आपला स्पीकर परक्या बोलण्यासाठी बंद ठेवतो. लहर तीच राहते, टक्करही तशीच होते.

म्हणून परवाना लागतो. त्याच्याकडे मी हवेतल्या जमिनीचा सातबारा म्हणून पाहतो, फक्त इथे मालकी मिळत नाही, ठरावीक मुदतीची वहिवाट मिळते. या जमिनीलाही चतुःसीमा असते: कोणती लहर, किती रुंद, किती शक्तीने आणि कुठवर. रुंदी बहुधा साडेबारा किलोहर्ट्झ. बोललेला शब्द मावेल एवढीच.

ही मोजणी करणारं कार्यालय दिल्लीत आहे. दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी ही शाखा 1952 पासून देशातल्या रेडिओलहरींचं वाटप पाहते. अर्ज आता 'सरल संचार' या पोर्टलवर करायचा. काम काय, जागेचे अक्षांश-रेखांश, संच किती, शक्ती किती, अँटेना किती उंच, असं सगळं त्यात भरावं लागतं. आजूबाजूला कुणाला कोणती लहर दिली आहे ते पाहून मोकळी लहर शोधली जाते, आणि ती वापरण्याबद्दल सरकारला रॉयल्टी द्यावी लागते.

अँटेनाची उंची विचारण्यामागे पृथ्वीची गोलाई आहे. माणसाच्या उंचीवर धरलेल्या संचाचं क्षितिज जेमतेम पाच किलोमीटरवर संपतं. तोच आवाज 30 मीटर उंच खांबावरून सुटला तर मोकळ्या रानात वीसेक किलोमीटर जातो, म्हणजे लोणीहून थेट पुणे शहरात. लोहगावचा विमानतळही काही लांब नाही. म्हणून खांबाच्या जागेसाठी सॅक्फा नावाच्या समितीची वेगळी मंजुरी असते.

आपल्याकडे हे बंधन जुनं आहे. 1933 च्या कायद्याने बिनतारी यंत्र परवान्याशिवाय नुसतं जवळ बाळगणंही गुन्हा ठरवलं. त्या काळी ऐकण्यालासुद्धा परवाना लागे. घरच्या रेडिओची फी पोस्टात भरल्याचं आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. ते बंधन 1980 च्या दशकात गेलं. बोलण्याचं राहिलं, आणि ते राहिलं हे मला योग्यच वाटतं.

कारण या लहरींना विलक्षण शेजार आहे. 156.8 मेगाहर्ट्झवर संकटातली जहाजं हाक मारतात. 406 च्या आसपास बुडणाऱ्या बोटीचा यांत्रिक टाहो उपग्रहापर्यंत जातो. आणि आपल्याच पुणे जिल्ह्यात, नारायणगावजवळ खोडदला, 45 मीटर व्यासाच्या 30 तबकड्या आकाशाकडे कान लावून आहेत. गोविंद स्वरूप यांनी उभारलेली ही जीएमआरटी दुर्बीण ज्या लहरी ऐकत आली, त्यांत 153 मेगाहर्ट्झच्या आसपासचा पट्टाही आहे. व्हीएचएफ वॉकी-टॉकी 136 ते 174 मध्ये बोलतात. म्हणजे ज्या पट्ट्यात एक मुकादम दुसऱ्याला टँकर मागे घ्यायला सांगतो, त्याच पट्ट्यात दूरच्या दीर्घिकांमधून लाखो-कोट्यवधी वर्षांपूर्वी निघालेली कुजबुज येत असते. तिच्यापुढे आपले 5 वॅट म्हणजे प्रचंड गर्जना.

छोट्या कामाला एवढा खटाटोप नको असेल तर 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ ही चिंचोळी पट्टी आहे. 2018 च्या नियमांनी ती कमी शक्तीच्या संचांसाठी परवानामुक्त केली. साडेबाराच्या मापाने तिचे 16 तुकडे पडतात. मंगल कार्यालयाच्या वाहनतळाला किंवा गोदामाला ते पुष्कळ झाले, मात्र तिथे लहर सगळ्यांची सामाईक, त्यामुळे जिवाशी गाठ असलेलं काम तिच्यावर सोपवू नये. संच घेताना दोन गोष्टी पाहाव्यात: खोक्यावर लिहिलेली लहर याच पट्टीतली आहे का, आणि त्या मॉडेलला ईटीए ही सरकारी मान्यता आहे का. ही माहिती न देता संच सर्रास विकले जात होते, म्हणून मे 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन बाजारांना नोटिसा दिल्या आणि विक्रीची नियमावलीही काढली. दूरवर बोलणारा स्वस्त संच घरपोच मिळत असला, तरी तो कुणाच्या लहरीवर बोलणार आहे हे आधी विचारायला हवं.